दोन रेडिओंमधला माणूस

डोंगरमाथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर दोन जुने रेडिओ होते, भंगारात निघालेल्या टॅक्स्यांतून काढलेले, आणि त्या दोघांच्या मधोमध गेली सतरा वर्षं एक माणूस बसत आला होता. डोंगराच्या अलीकडचं बोलणं पलीकडे थेट पोचत नसे. डावा रेडिओ अलीकडच्यांचा, उजवा पलीकडच्यांचा. एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्या माईकमध्ये जसंच्या तसं म्हणायचं, एवढंच म्हाताऱ्याचं काम. लाकडाचा ट्रक निघाला. दवाखान्यातलं सलाईन संपलं. वळणावर दरड आहे, हळू या. लोक त्याला पोपटकाका म्हणत. पोपट होणं सोपं नाही, तो म्हणे, स्वतःचं मत गिळावं लागतं.

आता गंमत अशी, की ते त्याने कधी फारसं गिळलंच नव्हतं. मुकादम गरजायचा, "त्याला सांग, उद्यापासून तोंड दाखवू नकोस." म्हातारा पलीकडे सांगायचा, "साहेब जरा तापलेत, उद्या लवकर ये आणि गुमान कामाला लाग." सतरा वर्षांत या डोंगरावरून एक शिवी पलीकडे गेली नव्हती. देवाने जीभ दिली ती जोडायला, असा त्याचा साधा हिशेब.

पण एक निरोप त्याच्या छातीत खोकल्याच्याही खाली रुतून बसला होता.

तीन वर्षं झाली त्याला. बायको खाली बाळ्याकडे होती, ताप उतरत नव्हता. बाळ्या म्हणजे मुलगा. चाळिशी आली, रेडिओदुरुस्तीचं दुकान झालं, तरी बाळ्याच. थोरली लेक पलीकडच्या दवाखान्यात नर्स. डाव्या रेडिओत बाळ्या ओरडला होता, "ताईला सांगा, आईचं काही खरं नाही. आत्ताच्या आत्ता निघ म्हणावं." म्हाताऱ्याने उजवा माईक उचलला. रस्त्यावर दरडी कोसळत होत्या, लेकीला सातवा महिना होता. आणि खरं सांगायचं तर ते शब्द त्याच्या जिभेवर येईनात. उच्चारले तर खरे होतील अशी धास्ती. तो म्हणाला, "पोरी, आईला जरा बरं नाही. रस्ता बघून, जमेल तशी ये."

तो स्वतः चालत उतरला आणि वेळेवर पोचला. लेक तिसऱ्या दिवशी आली. तोवर सगळं आटोपलं होतं.

"निरोप पोचला होता ना?" बाळ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं.

"पोचला होता," तो म्हणाला. पाय घसरला तर माणूस एकदाच पडतो. जीभ घसरली की पडतच राहतो.

त्यानंतर भावंडं एकमेकांशी बोलली ती फक्त त्याच्या तोंडून. बाळ्या म्हणे, "तुमच्या लेकीला सांगा, औषधांची पेटी ट्रकमध्ये ठेवलीय." तो पलीकडे म्हणे, "बाळ्याने पेटी पाठवलीय गं, भाची कशी आहे विचारतोय." ती म्हणे, "मिळाली म्हणावं." तो अलीकडे म्हणे, "ताई म्हणते, वेळेवर जेवत जा." दोन वाळक्या फांद्यांना तो आपल्या ओंजळीने पाणी घालत राहिला. पालवी फुटली नाही, पण फांद्या मोडल्याही नाहीत.

आणि आज बाळ्या दोन्ही रेडिओ आपोआप जोडणारा कंट्रोलर घेऊन वर आला होता.

त्यालाही बोल लावता येत नव्हता. ही छाती आणखी एक हिवाळा इथे काढणार नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. शिवाय मागच्या महिन्यात भर दुपारी म्हाताऱ्याचा डोळा लागला, आणि दरीत अडकलेला ट्रकवाला चाळीस मिनिटं हाका मारत राहिला.

"हे बघा." बाळ्याने पत्र्याचा डबा उघडला. आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड. "खालचे सगळे रेडिओ मी नव्याने लावलेत. आता डावा फक्त ऐकणार, उजवा फक्त बोलणार, आणि मध्ये हा. चार तारा आहेत. ही आवाजाची. ही, कुणीतरी बोलतंय हे याला कळवणारी. ही उजव्याचं बटण दाबणारी. आणि ही अर्थिंग."

"आणि मी?"

"तुम्ही खाली. गरम जेवायचं, नातवाला पाढे शिकवायचे."

"मला पाढे येत नाहीत."

"मग त्याच्याकडून शिका."

म्हाताऱ्याला हसू आलं, तसा खोकलाही आला. तो ओसरल्यावर त्याने विचारलं, "हा डबा शिव्या गाळतो का रे?"

"हा काही गाळत नाही, पदरचं काही घालत नाही. आत येईल ते बाहेर. तुमच्यासारखंच."

म्हाताऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

बाळ्याने चारही तारांना डाग दिले, फुंकर मारली आणि वीज चालू केली. उजव्या रेडिओवरचा लाल दिवा लगेच पेटला, तो पेटूनच राहिला. कुणी बोलत नव्हतं, तरी तो साऱ्या दरीला नुसती शांतता ऐकवत सुटला. बाळ्याने दारात जाऊन हातातल्या छोट्या रेडिओचं बटण दाबलं, "हॅलो" म्हटलं, तर दिवा विझला. बटण सोडलं, पुन्हा पेटला.

"हे काय ध्यान! आपण बोललो की गप्प, आपण गप्प की याचं तोंड उघडं."

"तुझ्या आत्याचा नवरा असाच होता."

बाळ्या हसला नाही. तासभर त्याने मीटर लावून प्रत्येक तार तपासली, दोन डाग उकलून पुन्हा दिले. शेवटी मीटर टेबलावर टाकला. "बोर्डच जळालेला दिसतोय. खाली न्यावा लागेल. आणि परवा हिवाळ्यासाठी वरची वाट बंद होतेय, म्हणजे चार महिने गेलेच."

"मग मी थांबतो," म्हातारा म्हणाला. जरा जास्तच पटकन.

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डॉक्टर काय, रोजच काहीतरी म्हणतात."

बोर्ड जळालेला नव्हता. म्हाताऱ्याला हे मघाशीच कळलं होतं. या डाव्या रेडिओची खोड त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? इतर रेडिओंत बोलणं आलं की ते कळवणाऱ्या तारेवर व्होल्टेज चढतो, यात पडतो. त्यामुळे डबा सगळं उलटं समजत होता. बोर्डावर दोन बारीक खिळ्यांवर बसवलेली एक चिमुकली काळी टोपी होती. ती शेजारच्या खिळ्यावर सरकवली की झालं. बाळ्या तारा तपासत होता तेव्हा डब्यातला कागद त्याने चष्मा लावून दोनदा वाचला होता.

फक्त गप्प बसायचं. चार महिने मिळत होते. चार महिन्यांत ही छातीच थांबली, तर त्या निरोपाचं कुणाला काही कळायचंच नाही. त्याने मनातल्या मनात देवाला विचारलं, काय करू? देवाने नेहमीप्रमाणे प्रश्न त्याच्याच पदरात परत टाकला. त्याला त्या ट्रकवाल्याचा आवाज आठवला, शेवटी शेवटी बसत गेलेला: काका, आहात का? काका?

"ती काळी टोपी आहे ना," म्हातारा म्हणाला, "ती शेजारच्या खिळ्यावर घाल."

बाळ्याने घातली. दिवा विझला. त्याने "हॅलो" म्हटलं, दिवा पेटला. बटण सोडलं, क्षणभर रेंगाळून विझला.

"बाबा, तुम्ही म्हणजे ना!" त्याने म्हाताऱ्याचे खांदे धरून हलवले. त्याच आनंदात पुन्हा बटण दाबलं. "दवाखाना, आवाज येतोय का?"

"येतोय," बाईचा आवाज आला, अगदी खोलीत बसल्यासारखा. "कोण बोलतंय?"

बाळ्याचा चेहरा उतरला. "मी."

"बाबा कुठे आहेत?"

"इथेच. मशीन बसवलंय. आता थेट बोलता येतं."

"बरं."

बाळ्याने रेडिओ या हातातून त्या हातात घेतला. मग घसा खाकरून म्हणाला, "तू परवा गुडघ्याचं विचारत होतीस. बराय आता."

"मी? कुठला गुडघा?"

बाळ्या गोंधळला. पलीकडून तीच पुढे म्हणाली, "तूच पोरीच्या स्वेटरचं माप मागितलंस ना? मी कळवून महिना झाला."

"मी नाही मागितलं."

बाळ्या हळूहळू म्हाताऱ्याकडे वळला. म्हाताऱ्याने हात पुढे करून रेडिओ घेतला. साऱ्या दरीतले रेडिओ चालू होते आणि सगळे ऐकत असणार, हे त्याला माहीत होतं.

"पोरी, बाबा बोलतोय. गुडघा मी विचारला. स्वेटरचं मापही मीच." त्याने बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं. "आणखी एक आहे. आईच्या वेळी याने सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता निघ. मी तुला म्हटलं, जमेल तशी ये. याने काही लपवलं नव्हतं. तू काही टाळलं नव्हतंस. मीच."

त्याने बटण सोडलं.

"दारात अडवून मी तिला म्हणालो होतो," बाळ्या म्हणाला, "आई तुझी वाट बघत गेली, आता कशाला आलीस." त्याचा आवाज कुणा भलत्याचाच वाटत होता. "तुम्ही शेजारी उभे होतात, बाबा."

"होतो."

रेडिओ खरखरला. "मला आईला बघायचं होतं, बाबा." मग, "तुमच्याशी मला आत्ता बोलायचं नाही. बाळ्याला द्या."

म्हाताऱ्याने रेडिओ बाळ्याच्या हातात ठेवला. बाळ्याने सवयीने त्याच्याकडे पाहिलं, ताई काय म्हणाली ते हे सांगतील म्हणून.

"ऐकलंस तेच म्हणाली ती," म्हातारा म्हणाला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

"तुम्ही बाहेर थांबा."

तो बाहेर येऊन दगडी पायरीवर बसला. आतून आधी बाळ्याचा आवाज आला, मग तिचा, मग कुणाचं तरी रडणं; कुणाचं ते दाराआडून कळेना. त्याने उठून दार नीट लोटलं आणि चार पायऱ्या खाली जाऊन बसला.