आत्याच्या माहेरचं रक्त

आमच्याकडे मामाची पोर सून करून आणली की घरचं घरात राहतं म्हणतात. तशीच माझी सख्खी आत्या, बाईजा, माझी सासू झाली. मला पसंत तिनेच केलं होतं, हट्टाने.

माझी लेक कुणाली अंगावर पीत होती तोवर सगळं गोड होतं. भातलावणीला जायचं म्हणून तिचं दूध तोडलं आणि पोरीच्या तोंडाभोवती, ढुंगणावर लाल चट्टे उठले. केस गळले, जुलाब थांबेनात. आत्याने गावभर करून टाकलं, सुनेचं रक्त नासकं. माझ्याच बापाची बहीण ही!

शहापूरच्या डॉक्टरांनी ठाण्याला पाठवलं. तिथे पोरीचं, माझं, नवऱ्याचं, तिघांचं रक्त तपासलं. जेवणातलं झिंक पेशींत ओढून घेणारं एक जनुक असतं, ते मुलीचं बिघडलेलं निघालं. झिंकचं औषध आता जन्मभर. औषध सुरू झालं, चट्टे वाळले, पोर हसायला लागली. आत्याचं तोंड मात्र थांबेना. तिने माझ्या वडिलांना डोळखांबहून बोलावून घेतलं.

ते ओट्यावर टेकले. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"कमळाकर, तुझी पोर घेऊन जा. फारकत करू. मी दिपेशला आपल्या धाकट्या भावाची रंजना आणते."

माझा नवरा दिपेश नखं खात बसला होता. असा संताप आला मला!

"एकाकडून बिघडलेलं आलं तर काय होत नाय, आत्या. दोघांकडून यायला लागतं," मी म्हणाले. "माझ्यात हाय तसं तुझ्या लेकात पण हाय. डॉक्टर म्हणाले, बहुतेक एकाच घरातून आलंय. तुझ्या आईबापाच्या. रंजना पण तिथलीच ना?"

"माझ्या माहेराला बट्टा लावतेस गो?"

"माझं पण तेच माहेर हाय."

वडील उठले. त्यांचा आवाज चढला नाही.

"बाय, नासकं रक्त परत न्यायचं ना? मग हिला एकटीला कशाला नेऊ? तू पण चल. कपडे भर."

आत्या लेकाकडे बघत राहिली, तो आपली बाजू घेईल म्हणून. त्याने मान वर केलीच नाही. तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.