गोरेवाड्याची सुट्टी

पत्र्याच्या पेटीची कडी खट्‌कन वाजली आणि माझी तीन वर्षांची शांतता मोडली. शामलाने मला बाहेर ओढून अंगणात पसरले.

मित्रांनो, कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेला खाकी तंबू तो मी. जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा. छावणीत चार जवान मला दहा मिनिटांत उभा करीत, तेही न बोलता. मग मला गोपाळरावांनी घेतले, आणि माझ्या नशिबी नुसती बोलणारी माणसे आली. गोपाळराव म्हणजे शामलाचे मालक, सरकारी कचेरीत कारकून. ‘आमच्याकडे मिलिट्रीचा तंबू आहे’ हे ते कचेरीभर सांगत, आणि मला ओलाच गुंडाळून पेटीत कोंबत. अंगावर बुरशी चढली. उंदरांनी कोपरा खाल्ला.

तो कोपरा शामलाने दाभणाने शिवला, लेक चारू दुपारी झोपली की. गोरेवाडा तलावाच्या काठाने एक पायवाट पार पलीकडच्या टेकडीपर्यंत जाते. ती एकदा चालायची, एवढेच तिला हवे होते. कधी मध्येच चारू जागी झाली, तर टाके घालता घालता ती तिला तेच सांगे.

“अवं, यंदा तुले सुट्टी,” गोपाळराव म्हणाले. “पानगे मी भाजतो. तू फिर.”

चौऱ्याहत्तरच्या नाताळात आम्ही निघालो. सोबत गोपाळरावांचे मित्र भैयाजी. तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात मला उभे करायला या दोन वीरांना सव्वा तास लागला.

“खांब उलटा लावला गा तू,” भैयाजी म्हणाले.

“मिलिट्रीची पद्धत हाय ते.”

“म्हणूनच लिलावात काढला असंल त्यायनं.”

मग गोपाळरावांनी गोवऱ्या पेटवल्या. पळसाच्या पानांत थापलेले कणकेचे पानगे निखाऱ्यांवर सारखे फिरवावे लागतात, नाहीतर कोळसा होतो. पहिल्या दोन पानग्यांचा झालाच. गोपाळरावांच्या डोळ्यांत धूर गेला आणि त्यांचे शौर्य तिथेच संपले.

शामला पायांत चपला घालून, पदर खोचून निघालीच होती.

“जरा पाहून घे वं,” ते म्हणाले. “भैयाजीले काठ दाखवून येतो, धा मिनिटांत.” चारूलाही त्यांनी सोबत नेले.

शामलाने पायवाटेकडे एकदा पाहिले आणि ती निखाऱ्यांपाशी बसली. उठावे तर सगळ्यांचे जेवण जळणार. दहा मिनिटांचे दोन तास झाले. ऊन टेकडीआड गेले. मी खुंट्यांना बांधलेला, मी काय करणार?

ते आले, हातपाय धुऊन जेवायला बसले.

“माहे पानगे काय जमले गा आज,” गोपाळराव भैयाजींना म्हणाले. मग शामलाकडे वळून, “पाणी काय, पाखरं काय. तू पाहाले पाहिजे होतं वं.”

अशा माणसांना मी सावली देतो, याची मला लाज वाटते.

मित्रांनो, तंबू वाळवून ठेवा, तो तुम्हांला वीस वर्षे पुरेल. आणि कोणाला सुट्टी दिली म्हणाल, तर ती खरेच द्या.

शामला शेवटचा पानगा निखाऱ्यातून काढत होती. चारू तिच्या मांडीला टेकली.

“आई, सुट्टी तुले होती ना वं? मंग बाबा काहून फिरून राहिले होते?”