अडीच वेढे उलटे

दोरीचं एक टोक दातात धरून दुसरं मी चकतीच्या खाचेत बसवत होते, तेवढ्यात पावस गावाहून वैष्णवीचा फोन आला. कोपराने बटण दाबून फोन बाकावरच ठेवला.

"ताई, रेडिओ झाला काय? आमच्या आजी रोज उठून तेच विचारतायत."

"हं."

"जेवताय काय तुम्ही?"

"नाही, तोंडात दोरी आहे." तेवढं बोलताना दोरी सुटली, वेढे सैल झाले आणि काटा घसरत डायलच्या टोकाला गेला. "रविवारी घेऊन येते."

"मग जेवायलाच या. घरचे पावटे आहेत."

हे दुकान माझ्या वडिलांचं, रावजी सुर्व्यांचं. रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बोळात सेहेचाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. मागच्या महिन्यात ते गेले. दुकान त्याआधी अकरा महिने बंद होतं आणि ते बंद करायला मी लावलं होतं.

डायलची दोरी बदलायला तीन हात लागतात, असं बाबा म्हणत. एक हात दोरी ओढायला, दुसरा काटा सांभाळायला, तिसरा गाठ बसेपर्यंत दोरी चकतीवर दाबून धरायला. सात वर्षांची असल्यापासून तो तिसरा हात माझा. दोरी चकतीवरून निघते, बारक्या चाकांवरून वळते, बटणाच्या दांड्याला अडीच वेढे घेते आणि परत चकतीत येऊन स्प्रिंगला अडकते. गाठ पडली की तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे ती सुटत नाही. ती बाटली बाबा स्वतः बांगडीवाल्याकडून आणत. "रावजी, आज कुठला रंग लावणार?" असं तो भर रस्त्यात विचारी आणि बाबा शांतपणे म्हणत, "लाल दे. गेल्या खेपेचा गुलाबी मला शोभला नाही." त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कायम एक ठिपका असे.

हा रेडिओ लाकडी पेटीचा, चांगला वजनदार. दुकान बंद झालं तेव्हापासून हा आतच अडकून होता; आवरताना गिऱ्हाइकाचा म्हणून हा एकच निघाला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओच्या पेटीत आतल्या बाजूला बाबा पेन्सिलीने तारीख घालत. ह्यात पाच होत्या. पहिल्या दोन पंच्याऐंशी सालच्या जूनमधल्या, पाच दिवसांच्या अंतराने. शेवटची गेल्या वर्षीची.

गेल्या वर्षी बाबा विसरायला लागले होते. दोनदा दुकानाच्या कुलपाला चावी तशीच लटकत ठेवून घरी आले. एकदा मला आईच्या नावाने हाक मारून, तिला जाऊन नऊ वर्षं झाली असताना, डाळीत आमसूल कमी पडलं म्हणाले. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तक चुकीच्या फडताळात गेलं की ते हरवल्यातच जमा, हे मला माहीत आहे. तशीच मी बाबांवर नजर ठेवून होते. मग एका दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर हा रेडिओ बाकावर तयार होता. मी सहज बटण उजवीकडे फिरवलं. काटा डावीकडे गेला.

"बाबा, दांड्यावर दोरी उलटी गुंडाळलीत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ती तशीच असते."

"कुठल्याही रेडिओची नसते. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"ह्याची असते. अगो, ही पावसची—"

"बाबा, पुरे. आता पुरे."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सोल्डरिंगची सळई ओल्या फडक्याला पुसली, थंड होऊ दिली आणि खणात ठेवली. संध्याकाळी मी म्हटलं, दुकान बंद करू या. "तू म्हणतेस तर करू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी माझ्या हातात दिली. त्यानंतर ते व्हरांड्यात बसून पेपर वाचत. एकच पान बराच वेळ.

म्हणूनच मी त्यांची दोरी कापून नवी घालत होते. हे त्यांचं शेवटचं काम. ते चुकलेलं बाहेर जाऊ नये, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

दोन संध्याकाळी गेल्या. तिसरा हात नव्हता, म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. शेवटी काटा सरळ चालला. उजवीकडे फिरवलं की उजवीकडे.

रविवारी रेडिओ चादरीत बांधला, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि दोरीचं रीळ पिशवीत टाकलं आणि पावसची एसटी धरली. भाट्याच्या पुलावर कंडक्टरने मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. "ह्याचं अर्धं काढू काय, ताई?"

"ह्याचं वय पासष्टच्या पुढे आहे. सवलत द्या."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मीही.

आनंदीबाई पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ब्याऐंशीच्या असाव्यात. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. शेंगा मात्र बोटं बरोबर शोधत होती.

"रावजीची मुलगी ना तू? ये गो बाय. दर्शना ना?"

"हो, आजी."

"तुझा बापूस सांगायचा, माझ्या पोरीनं सगळ्या गावची पुस्तकं सांभाळलीनय." त्यांनी हात पुसले. "बापूस गेला ते सांगितलान मला हिनं. बस. आधी चाय घे."

वैष्णवीने, त्यांच्या नातसुनेने, रेडिओ नेहमीच्या फळीवर ठेवून वायर लावली. डायलमागचा दिवा लागला. आनंदीबाईंनी पेटीच्या कडेवरून हात फिरवला, बटण सापडलं. अंगठा आणि दोन बोटांनी त्यांनी ते डावीकडे वळवलं. बटण अडलं. काटा डावीकडे टोकालाच होता. त्यांनी पुन्हा वळवलं. नुसती खरखर.

"कोणी हात लावलान ह्याला?"

वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं.

"मी, आजी. दोरी उलटी बसली होती. बाबांना शेवटी शेवटी आठवत नव्हतं नीट. मी सरळ करून आणली."

"उलटीच हाय ती." आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्षां उलटीच हाय."

त्यांनी बटणावरचा हात काढला नाही.

"आमचे हे बोटीवर होते. बाळा म्हणायची सगळी. एडनला घेतलान हा रेडिओ. एकदा सुट्टीत आला नि दोरी तुटली. माझा मीच करतो म्हणाला. मासे धरायच्या गरीचा नायलॉनचा तंगूस घेतलान नि दोन दिवस बसला हितंच. झाला तो उलटा. मी एवढी हसले, एवढी हसले. तर म्हणतो कसा, रेडिओ बरोबर हाय, तुझा हात उलटा हाय." त्या आताही हसल्या. "मग बोटीवर गेला तो गेलाच. कागद आला नुसता."

"मग बाबांकडे?"

"तंगूस सैल पडला म्हणून नेला. तुझ्या बापसानं चांगला सरळ करून दिलान. घरी आणला नि मला रत्नागिरी लागंना. हात डावीकडं जायचा. पाच दिवस काढले, मग परत नेला. म्हटलं, रावजी, मला माझा उलटा दे. काय विचारलान नाय. स्टूल दिलान बसायला नि माझ्यासमोर उलटा केलान. ती खेप धरून चार वेळा केलान, चारी वेळा उलटा. मला म्हणायचा, आनंदीबाय, सरळ काम हात आपोआप करतो. तुझं काम चुकवायला मला डोकं लावायला लागतं."

जूनमधल्या दोन तारखा. पाच दिवस.

मी चहाचा कप खाली ठेवला. कुलपाला चावी विसरून येणाऱ्या माणसाने गेल्या वर्षी, हाताची सेहेचाळीस वर्षांची सवय अडवून, अडीच वेढे उलटे घातले होते. आणि मी म्हटलं होतं, पुरे.

"आजी, रेडिओ एक तासभर द्याल मला?"

"तासभर कशाला, घे की. शेंगा सोलून व्हायच्या हायत अजून."

वायर काढली. फळीवरून रेडिओ पडवीत घेतला, बटणं ओढून काढली, खालचे चार स्क्रू सोडवले. माझी दोरी कापली. नवी घेतली, चकतीवरून, चाकांवरून, आणि दांड्याशी येऊन थांबले. हात सरळ वेढा घ्यायला निघाला होता. काढला, पुन्हा घातला. दुसऱ्या वेढ्याला परत सरळ गेला. मग एकेक वेढा मनात म्हणून घातला. घाम आला.

"आजी, हात द्या जरा."

त्यांचा अंगठा मी चकतीच्या खाचेवर ठेवला. शेंगांच्या सालीने हिरवट झालेला, खरखरीत. "हलवायचा नाही हं."

"नाय हलवत. तुझा बापूस पण असाच दम द्यायचा."

गाठ बसली. "वैष्णवी, नेलपॉलिश आहे का?"

"आता?" ती म्हणाली. पण आत जाऊन जांभळ्या रंगाची बाटली घेऊन आली. गाठीवर थेंब दिला, फुंकर घातली. पेटी पुन्हा लावण्याआधी वैष्णवीने आत वाकून तारखा पाहिल्या आणि पेन्सिल पुढे केली. "ताई, आजची घाला ना."

"नको," मी म्हटलं. "गेल्या वर्षीचीच बरोबर आहे."

फळीवर दिवा लागला. आनंदीबाईंनी बटण डावीकडे वळवलं, सावकाश, मोजल्यासारखं. काटा उजवीकडे चालत गेला. खरखर विरली आणि कोणीतरी आंब्याच्या मोहोरावर कधी काय फवारावं ते सांगू लागलं. त्यांनी आवाज थोडा वाढवला आणि परत शेंगा हातात घेतल्या.

"आता बरा," म्हणाल्या. "वैष्णवी, पानं घे."

पावट्याची उसळ दोनदा घेतली. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. तिकिटाचे सुटे देताना पाहिलं, उजव्या अंगठ्यावर जांभळा ठिपका वाळला होता. नखाने खरवडला तर निघाला असता. मी हात मांडीवर ठेवला आणि पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिले.