निळी नाही, तांबडी नाही

मी एक पांढरी मतपत्रिका आहे. कागदाची नव्हे, प्लास्टिकची. आणि बर्लिनच्या संसदेतली. माझ्यावर मालकिणीचं नाव छापलंय, रोझविटा नोआक. निळी म्हणजे होय, तांबडी म्हणजे नाही. मला लोक 'तटस्थ' म्हणतात. म्हणजे नेमकं काय, हे मला अजून उमगलेलं नाही.

सभागृहाबाहेरच्या कपाटात, रोझविटाच्या खणात आम्ही तिघी बहिणी राहायचो. दोघी सारख्या बाहेर जायच्या, पेटीत पडायच्या, मोजून परत आल्या की ऐटीत बातम्या सांगायच्या. मी तीन वर्षं नुसती धूळ खात होते.

रोझविटा आधी कोळशाच्या खाणीवरच्या दवाखान्यात नर्स होती. मग गावची महापौर झाली आणि तिसऱ्या खेपेला निवडून येऊन इथवर पोचली. तिन्ही वेळा शिडीवर चढून खांबाखांबावर तिचे प्रचाराचे फलक बांधले ते भावानं, लोथारनं. तो त्याच खाणीत यंत्र चालवायचा.

आणि खाणी बंद करायचा कायदा आला. पक्षाचं ठरलं होतं, होय म्हणायचं. कपाटापाशीच रोझविटाचा फोन वाजला. लोथारचा आवाज खणापर्यंत येत होता.

"रोझी, तांबडी टाकशील ना?"

"अरे, खाण आज ना उद्या बंद होणारच."

"ते नको सांगूस. टाकशील की नाही?"

"घंटा झाली रे, ठेवते."

चष्मा कपाळावर तसाच ठेवून तिनं खणात हात घातला. बोटं निळीवर गेली, तांबडीवर गेली आणि धरलं मलाच. अगं बाई, मी पांढरी! म्हणेम्हणेपर्यंत पेटीत पडलेसुद्धा.

पक्षाचे प्रतोद तणतणत आले. "नोआकबाई, हे काय केलंत?"

"चुकून हाताला लागली हो. चष्मा नव्हता डोळ्यांवर."

दुसऱ्या दिवशी कुणी काय मत दिलं याची यादी नावानिशी छापून आली, आणि ती भावाला फोनवर म्हणाली, "मुद्दाम टाकली रे. तुझ्याविरुद्ध होय म्हणवेना."

"मग नाही म्हणायला काय झालं होतं? भित्री कुठली!" त्यानं फोन आपटला.

मी चक्रावलेच. खरं कुठलं? पुढं पक्षानं उमेदवारी दिली नाही, भावानं बोलणं टाकलं. तेलही गेलं, तूपही गेलं. कपाट रिकामं करताना तिनं दोघी बहिणींना केराच्या टोपलीत टाकलं आणि मला पर्समध्ये ठेवलं. का, कोण जाणे.

दोन वर्षं गेली. या जानेवारीत आईच्या नव्वदाव्या वाढदिवसाला लोथार आला. केक खाल्ला, बहिणीकडे पाहिलंही नाही, निघाला. गाडीच्या काचेवर बर्फ गोठलेला, आणि खरवडायला काही सापडेना. रोझविटानं मला पुढे केलं.

त्यानं नाव वाचलं. "हीच का ती?"

"हीच."

"खरं सांग. चुकून की मुद्दाम?"

"पक्षाला आणि तुला, दोघांनाही थापा मारल्या रे. मलाच माहीत नाही."

माझ्या कडेनं त्यानं आपल्या गाडीची काच खरवडली, मग तिच्याही गाडीची, आणि मला स्वतःच्या खिशात टाकलं.

आता माझी कड झिजलीय, नावातली दोन अक्षरं गेलीत. दर रविवारी त्याच्या गाडीतून तिच्या दारी जाते. माझी एकच विनंती आहे, मी कोणत्या बाजूची ते मला विचारू नका. परवा निघताना गाडीच्या खिडकीत वाकून ती म्हणाली, "लोथार, राग गेला का रे माझ्यावरचा?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी खसखशीचा केक कर."