‘हॅपी जर्नी’च्या चादरी

मंद्रूपच्या बसम्माने थोरल्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पांघरायला वीस चादरी सांगितल्या होत्या, काठावर ‘गुड नाइट’ विणून. आमच्या कारखान्यातल्या ईरप्पा विणकराने मागावरचे अक्षरं उठवणारे ‘हॅपी जर्नी’चे जुने पुठ्ठे बदललेच नाहीत, वीसही चादरींवर तेच उठलं. मी तापलो.

तो म्हणाला, “दोन्ही इंग्रजी चांगलंच हाय की, मालक.”

“अरे, ते गावाला निघालेल्याला म्हणतात, झोपायला आलेल्याला नाही.”

लग्न तोंडावर आलेलं, तशाच पाठवल्या. तिथल्या मास्तरांनी पाहुण्यांना अर्थ सांगितला, सुखाने घरी जा. आठवडाभर ठाण मांडणारे सोयरे सकाळच्या पहिल्या एसटीने गेले.

मी बसम्माला तोंड चुकवत होतो, तर तीच कारखान्यात आली.

“धाकटीच्या लग्नालाबी ह्याच चादरी द्या,” ती म्हणाली. “फक्त अक्षरं जरा मोठी काढा.”