बर्फाच्या खोक्यात माहेरची अंडी

मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. थर्माकोल म्हटलं की हल्ली जो तो हिडीसफिडीस करतो. गणपतीच्या मखरात मिरवणारे माझे भाऊबंद तर केव्हाच बंद झाले, आणि ते बरंच झालं म्हणा. चार दिवस मिरवायचं आणि मग वर्षानुवर्षं समुद्रात तरंगत राहायचं, यात कसलं आलंय आयुष्य. मी मात्र कामाचा खोका. माझा एक कोपरा तुटला आहे, तळाला चीर गेली आहे आणि अंगाला मासळीचा वास आहे तो आहेच. पण माझ्या पोटात एकदा जे घडलं, ते तुमच्या घरच्या फ्रिजच्या पोटात कधीच घडणार नाही. तेच आज सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. साबुदाण्याएवढे पांढरे मणी वाफेवर फुगवले, साच्यात दाबले आणि मी तयार झालो. तिथून ट्रकात बसून आलो तो थेट हर्णे बंदरात. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू व्हायचा. आरडाओरडा, चिखल, माणसांचे पाय, मांजरांची शेपटं. माझ्या पोटात आधी बर्फाचा थर, मग सुरमई, वर पुन्हा बर्फ. झाकण लावायचं, चिकटपट्टी मारायची. आतला गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करायचो.

त्या बंदरातूनच हर्षदने मला घेतलं. दापोलीहून हर्ण्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव. त्याचे चुलते भिकाजीकाका नोकरीसाठी मुंबईत राहतात, आणि गावची मासळी जिभेवर असल्याशिवाय त्यांना रविवार साजरा झाल्यासारखा वाटत नाही. म्हणून हर्षदने माझ्या अंगावर जाड काळ्या अक्षरांत त्यांचं नाव लिहिलं. मी एसटीने मुंबईला जायचो आणि रिकामा परत यायचो. तिकडच्या काकू, म्हणजे भिकाजीकाकांची बायको, झाकण उघडून फोन करायच्या, “अरे, बर्फ अजून तसाच हाय.” ते ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मांस नाही अंगात, पण चढायचं.

मग एका प्रवासात कुणीतरी माझ्यावर गव्हाची गोणी टाकली आणि माझा कोपरा गेला. हर्षद नवा खोका घेऊन आला. मी घराच्या मागे, फुटकी बादली आणि रंगाचे रिकामे डबे यांच्यात जाऊन पडलो. माझ्यात पालापाचोळा साचला, एक पाल बिऱ्हाड करून राहिली. मला फेकून देण्याचाही सगळ्यांना कंटाळा, म्हणून मी टिकलो. एके काळी ज्याच्या नावाने मुंबईहून फोन येत, त्याच्याकडे आता कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

तिथे पडल्या पडल्या मला दिसायचं ते हर्षदच्या आईचं, मालनकाकूंचं, कोंबड्यांचं खुराडं. साध्यासुध्या कोंबड्या नव्हत्या त्या. अंग करडं, पाय काळेभोर आणि डोक्यावर पिसांचा झुबकेदार तुरा. काकूंचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या आईने बांबूच्या डालग्यात घालून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या बरोबर दिल्या होत्या. पुढे आई गेली, भाऊ विरारला गेले, माहेरच्या घराला कुलूप लागलं. काकूंचं माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते अंगणात दाणे टिपत होतं.

म्हणूनच काकू त्या कोंबड्यांच्या बाबतीत भारी चिकट. वाडीतल्या बायका मागायच्या, “मालन, दोन अंडी दे गो, आमच्या कोंबडीखाली ठेवतो.” काकू नाही म्हणायच्या नाहीत. आत जायच्या आणि अंडी उकडून आणून द्यायच्या. उकडलेल्या अंड्यातून कुठलं पिल्लू निघणार? माझ्या माहेरची जात माझ्याच अंगणात राहिली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बायका हसून सोडून द्यायच्या, पण मनातून रागवायच्या.

एकदा घरची सगळी माणसं लग्नाला गेली होती. भर दुपारी भटकी कुत्री अंगणात आली. खुराड्याची खिटी सैल होती. मित्रांनो, पुढचं मी पाहिलं आहे, पण सांगणार नाही. माणसं परतली तेव्हा अंगणभर करडी पिसं उडत होती. काकू पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत, पायाशी आलेली पिसं वेचून पदरात घेत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून श्रद्धा भात शिजवायला तांदूळ काढायला गेली. डब्यात तांदळांत पुरून ठेवलेली अंडी तिच्या हाताला लागली. खाण्यासाठी ठेवलेली, ताजी, अकरा अंडी. हातातलं माप तसंच टाकून ती वाडीभर फिरून आली. कुणाकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली आहे का? कुठे नव्हती, आणि कुठे असली तरी होती म्हणून कुणी सांगितलं नाही. आता ती अकरा अंडी वाया गेली तर ती जात संपली.

श्रद्धाने मोबाईलवर काहीबाही पाहिलं आणि थेट माझ्याकडे आली. पालीला हाकललं, मला चिंच आणि साबण लावून घासलं, उन्हात वाळवलं. झाकणाला भोक पाडून आत बल्ब सोडला, वारा खेळायला बारीक छिद्रं केली, पाण्याची वाटी ठेवली, उष्णता मोजायची काच ठेवली. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला कोळशाने फुली मारली, म्हणजे फिरवताना कुठली बाजू वर होती ते कळावं. जन्मभर मी गारवा सांभाळला आणि आता मला ऊब सांभाळायची होती. माझं धाबंच दणाणलं होतं.

“मासळीच्या खोक्यात कुठं पिल्लं निघतात?” काकू म्हणाल्या, आणि तोंड फिरवून निघून गेल्या. त्यांना पुन्हा आशा धरायची भीती वाटत होती.

श्रद्धा मात्र दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. आठवडा गेल्यावर तिने काकूंना हाताला धरून अंधाऱ्या कोठीच्या खोलीत नेलं आणि मोबाईलच्या उजेडावर एक अंडं धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका धडधडत होता. काकू बघतच राहिल्या. दोन अंडी आतून कोरी निघाली, ती काढून टाकली. त्या दिवसापासून माझ्याजवळ पाट मांडून बसायला काकूही येऊ लागल्या.

दिवस भरत आले. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात आणि झाकणही उघडायचं नसतं. आतला ओलावा गेला तर अंड्याचा आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते गुदमरतं. म्हणून श्रद्धाने माझ्या झाकणाला सभोवार चिकटपट्टी मारली आणि बजावलं, “कुणी हात लावायचा नाही.”

आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. वाऱ्याने फांदी तारेवर पडली होती. माझ्या पोटातला बल्ब विझला. श्रद्धाने जीव मुठीत धरून झाकण एकदाच उघडलं, बल्ब काढून घेतला, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, भोकात बोळा कोंबला आणि पुन्हा पट्टी मारली. वरून गोणपाट टाकलं. मला मागच्या पडवीत, चुलीच्या धगीला आणून ठेवलं. मग ती इन्व्हर्टर कुणाकडे मिळतो का ते बघायला धावली. काकू सरपण आणायला शेतातल्या खोपटाकडे, मांगराकडे गेल्या.

त्याच पडवीत एक दुसरा खोका होता. सकाळीच हर्षदने बंदरातून मासळी आणून बर्फ घालून नव्या खोक्यात भरली होती. भिकाजीकाकांच्या मुलीचा साखरपुडा होता. दुचाकीवरून खोका जाईना, म्हणून कामावर जाता जाता त्याने शेजारच्या शिवाला फोन केला. शिवा दापोलीपर्यंत रिक्षा चालवायचा. “पडवीत खोका हाय, पट्टी मारलेला. मुंबईच्या गाडीत चढव.”

शिवा आला. नव्या खोक्यावर नाव नव्हतं. माझ्यावर होतं, जाड काळ्या अक्षरांत, मुंबईच्या भिकाजीकाकांचं. शिवाय मी गोणपाटाने झाकलेला. आमच्याकडे बर्फ विरघळू नये म्हणून मासळीच्या खोक्यावर गोणपाटच टाकतात. शिवाला तिळभरही शंका आली नाही. त्याने मला उचललं आणि रिक्षात ठेवलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोंब मारली असती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आत अंडी एकमेकांवर आपटत होती. एक फुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. बाटल्यांमधलं पाणी निवत चाललं होतं. माझ्या तळाला चीर गेली ती तेव्हाच. मी अंग आवळून घेतलं, थर्माकोलला जेवढं आवळता येतं तेवढं, आणि आतली ऊब धरून ठेवली. दुसरं मला काही येतच नव्हतं.

दापोली स्थानकावर मुंबईची गाडी लागलेली. कंडक्टरने मला हातात घेऊन जोखलं. “हलका लागतोय रे. बर्फ घातलाय ना?”

“घातला असंल. हर्षदचा माल हाय.” शिवा म्हणाला.

गाडीच्या डिकीत दुसरा एक मासळीचा खोका होता, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मला त्याच्याच कडेला सरकवलं. त्याचा गारवा माझ्या भिंतीतून आत शिरू लागला. आता मुंबईपर्यंतची अख्खी वाट अशीच. मी आशा सोडली, स्पष्टच सांगतो.

आणि आतून आवाज आला. अगदी बारीक. अजून कवच फुटलं नव्हतं, पण आतलं पिल्लू बोललं.

डिकीशेजारी सुक्या मासळीची रिकामी पाटी घेऊन एक बाई बसली होती. हर्ण्याची मथुरा. विक्री संपवून ती परतीच्या गाडीची वाट बघत होती. तिने कान टवकारले. “कंडक्टर, त्या खोक्यात काय हाय?”

“मासळी, मावशी.”

“मासळी चिवचिवते कवापासून?”

कंडक्टर हसला आणि डिकीचं दार लावायला वाकला. मथुराने उठून सरळ दारातच हात घातला. “लावू नको. आधी ऐक.”

सगळ्यांनी कान दिला. आतून पुन्हा आवाज आला, आणि या वेळी त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. शिवाचा चेहरा पांढराफटक पडला. वाडीतल्या पोरासोरांनाही त्या अंड्यांची गोष्ट माहीत होती. “मालनकाकूंची अंडी,” तो कसाबसा म्हणाला आणि पट्टी काढायला नखं लावली.

मथुराने त्याचा हात धरला. “उघडू नको. बसल्या कोंबडीला कुणी उठवतं काय? घरी ने.”

“नेतो, पण गार पडलीत गो ती. वाटेत मरतील.”

मथुराने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. चहाच्या टपरीवरून तिने दोन बाटल्या गरम पाण्याच्या भरून आणल्या. मला मांडीवर घेतलं, बाटल्या माझ्या दोन्ही अंगांना लावल्या, पदर आणि गोणपाट दोन्ही माझ्याभोवती गुंडाळले आणि रिक्षात बसली. शिवाने रिक्षा एवढी हळू चालवली की मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. आतले आवाज मध्येच थांबले. मथुरा छिद्राला कान लावून बसली. बराच वेळ काहीच ऐकू येईना. “बोला रे,” ती हळूच म्हणाली, “बोला.”

काकू आणि श्रद्धा आम्हांला रस्त्यातच भेटल्या. पडवीत बर्फाचं पाणी गळणारा खोका बघून त्यांना सारं उमगलं होतं, फोन लागत नव्हता, म्हणून पायीच धावत निघाल्या होत्या. काकूंच्या पायात चप्पलही नव्हती. शिवा मान खाली घालून उभा राहिला. काकू सरळ रिक्षाशी आल्या. माझ्या झाकणावर हात ठेवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

घरी पोहोचेपर्यंत वीज आली होती. श्रद्धाने बोळा काढून बल्ब पुन्हा आत सोडला. रात्र कशी गेली ते विचारू नका. सकाळी माझं झाकण उघडलं तेव्हा पाच पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. एक अंडं वाटेत फुटलं होतं आणि तीन तशीच राहिली होती, त्यांतून कुणी बाहेर आलं नाही. पाचांचेही पाय काळे होते, आणि ओलसर डोक्यांवर तुऱ्याची इवलीशी गाठ दिसत होती. काकूंनी एकाला ओंजळीत घेतलं. “माज्या आईच्या घरची,” एवढंच म्हणाल्या, आणि मग कितीतरी दिवसांचं साठलेलं रडू बाहेर आलं.

आता ती मोठी झाली आहेत. तीन कोंबड्या, दोन कोंबडे. परवा काकूंनी मथुराला निरोप धाडून बोलावून घेतलं. एक कोंबडा आणि एक कोंबडी पाय बांधून तिच्या पाटीत ठेवली. श्रद्धा घाबरली. “अहो आई, पाचच तर आहेत.”

“पाचच हायत म्हणून तर देतंय,” काकू म्हणाल्या. मथुरा नको नको म्हणत होती. तेव्हा काकूंनी पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. “पुन्ना कुत्री शिरली, तर मी तुज्या दारात अंडी मागाया येईन. तवा नाय म्हणू नको गो.”

मित्रांनो, मी खोका. आत ठेवलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक होतं. त्या दिवशी काकू पडवीत उभ्या राहून मथुराची पाटी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होत्या, आणि मला वाटलं की त्यांना माझ्याहून जास्त कळलं आहे. तुमच्याही घरी असं काही असेल, जुन्या वालाचं बी, आजीच्या हातचं लोणचं घालायची रीत, एखादी कोंबडी, तर ते जिवापाड जपाच. पण त्यातलं थोडं शेजारच्या घरीही राहू द्या. आणि जमलंच तर मागच्या दारी टाकलेल्या जुन्या वस्तूकडे अधूनमधून बघत जा. पुढच्या वेळची अंडी वाडीतल्या बायकांनी काकूंकडे आधीच मागून ठेवली आहेत, आणि काकू ती कच्चीच देणार आहेत.