झाकीर डॉक्टरांचा चिमटा

झाकीर डॉक्टर जाऊन वर्ष होत आलं, तरी रोज दिवेलागणीला त्यांचा चिमटा कपाटात वाजायचा. ऐकू यायचा एकट्या बदरुन्निसाला, आणि तोही डाव्या कानात. तिचा डावा कान बहिरा, हे सगळ्या शिळफाट्याला ठाऊक. तेव्हा सांगणार कोणाला?

चिमटा म्हणजे कान तपासायचा दोन टोकांचा पोलादी काटा. पेशंटनीच त्याला ते नाव दिलं होतं. डॉक्टर तो गुडघ्यावर वाजवायचे, दांडी कपाळावर टेकवायचे आणि विचारायचे, "कुठल्या कानात?" दोन्ही कान चांगले असले की आवाज मधोमध वाटतो. दवाखाना बंद करून घरी आले की शेवटचा पेशंट बायको. ती म्हणायची, "डाव्या," आणि ते हसायचे. लहानपणी पडदा फुटलेला तिचा कान बाहेरचं ऐकत नाही, पण हाडातून आलेलं उजव्यापेक्षा जास्त ऐकतो, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. नव्या नवरीशी बोलायचा हा काय विषय झाला! ऑपरेशनला मात्र ती कधीच तयार झाली नाही. कान बरा झाला तर ही रोजची विचारपूस बंद होईल, अशी तिला भीती.

लेक अनमही कान-नाक-घशाचीच डॉक्टर, पनवेलच्या हॉस्पिटलात. आईने एकदा धीर करून सांगितलं, तर म्हणाली, "अम्मी, तुझा कान वाजतो. गोळी लिहून देते." अब्बांच्या दवाखान्याचं कुलूप तिने अजून उघडलं नव्हतं. तिथे पाऊल टाकवत नाही म्हणायची. आणि कर्जतच्या एका संस्थेच्या मंडळींचा फोन आला तेव्हा आईला न विचारताच कबूल करून बसली. लोकसेवेबद्दल कान-नाक-घसा डॉक्टरांचा सत्कार होता; अब्बांच्या मागे तो अम्मी स्वीकारणार आणि चिमटा भिसेगावच्या मोफत तपासणी केंद्राला देणार, काचेच्या कपाटात ठेवायला.

"कोणाला विचारून?" बदरुन्निसा कडाडली.

"अम्मी, वस्तूच आहे ना ती?"

वस्तू! बदरुन्निसाने चिमटा त्यांच्या रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. पण देणार नव्हतीच ती. चिमटा गेला की माणूसही गेला. शाल घ्यायची, हात जोडायचे, घरी यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

सत्काराच्या दिवशी हॉलमध्ये भाषणं झाली. सत्कार म्हटला की भाषणांना तोटा नसतो. मग खालापूरकडची सुंदरा व्यासपीठावर आली. डॉक्टरांच्या रविवारच्या शिबिरांबद्दल पेशंटच्या घरचं कोणीतरी बोलावं, म्हणून तिला बोलावलं होतं. माइकला हात लावायला घाबरत ती उभी राहिली.

"आमच्या सासऱ्याला, नामाला, कायच ऐकू येत नवतं. मशिन लावली, ती बी चालली नाय. पन डॉक्टरनं चिमटा डोक्याला लावला का हसायचा म्हातारा. येवडाच आवाज राहिला होता त्येला. तेवढ्यासाठी दर शिबिराला यायचा. डॉक्टर किती बी गर्दी असू दे, लावायचे. वर इचारायचे, कुठल्या कानात रं नामा?"

लोक हसले. बदरुन्निसा मात्र आतून चरकली. तोच प्रश्न! तिला वाटत होतं तो फक्त तिचा. तिने पर्समधून रुमाल काढून त्याची गुंडाळी सोडली. ज्याच्या आवाजावर एवढ्यांचा हक्क आहे, तो आपण पर्समध्ये कोंडून कसा ठेवायचा?

अध्यक्षांनी तिच्या हातून चिमटा घेतला आणि उत्साहाच्या भरात टेबलाच्या कडेवर आपटला. "गुडघ्यावर!" बदरुन्निसा एवढ्या जोरात ओरडली की माइकही दचकून किंचाळला. अध्यक्षांनी ओशाळून चिमटा पेटीत ठेवला. माय-लेकी गाडीने परत निघाल्या.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. बदरुन्निसा कपाटासमोर खुर्ची टाकून बसली. अनमने चहा आणून ठेवला. बाहेर अंधार पडला, मशिदीतली अजान उजव्या कानाने ऐकली. डाव्यात काहीच नाही. आपल्या हाताने त्यांनाच देऊन टाकलं, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

अनमने कप खाली ठेवला.

"अम्मी, चिमटा देऊन आलो ना आपण?"

"हो. का गं?"

अनम उठली, कपाट उघडलं. आत इस्त्रीचे कपडे, अत्तराची बाटली, बाकी काही नाही. ती पांढरीफटक पडून आईपाशी येऊन बसली.

बदरुन्निसाला कळलं, आज तो लेकीला ऐकू येतोय. आधी तिला रागच आला, खराखुरा राग. जिवंतपणी पेशंट आधी आणि बायको शेवटी. आता गेल्यावर लेक आधी! मग डोळे भरून आले.

"कुठल्या कानात?" तिने विचारलं.

कितीतरी पेशंटना हाच प्रश्न विचारणाऱ्या अनमने दोन्ही कानांवर तळवे दाबून पाहिलं. "कानात नाही," ती शेवटी म्हणाली. "मधोमध."

"मग कान चांगले आहेत तुझे," बदरुन्निसा म्हणाली आणि तिने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. तिला स्वतःला ऐकू काहीच येत नव्हतं. पण तळव्याखाली चिमट्याची बारीक थरथर होती.

"उद्या दवाखाना उघड," ती म्हणाली.